हसतमुख माणसाचे इंग्रजीत वर्णन कसे करावे: नेमका शब्द निवडण्यापासून परिच्छेद पूर्ण होईपर्यंत

नाशिक रोड भागात संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेताना मी प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या आठवड्यात एकच काम देतो. आपल्या घरातील किंवा ओळखीतील सर्वांत हसऱ्या माणसाबद्दल आधी मराठीत बोलायचे आणि मग तेच इंग्रजीत सांगायचे. मराठीत बोलताना वेळ पुरत नाही. कोणाची आत्या असते, कोणाचे सिन्नरच्या गाडीवरचे कंडक्टर असतात, कोणाचे ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले शेजारी असतात. इंग्रजीची पाळी आली की मात्र 'ही इज व्हेरी जॉली नेचर्ड, ही इज अ हॅपी मॅन, ही इज व्हेरी फ्रँक' अशी तीन वाक्ये होतात आणि बोलणारा थांबतो.

याचे कारण शब्दसंग्रह कमी असणे हे नाही, असे मला इतक्या वर्षांच्या शिकवण्यानंतर ठामपणे वाटते. मराठीत बोलताना आपल्या डोळ्यांसमोर माणूस असतो. इंग्रजीत बोलताना आपण माणसाला सोडून शब्द शोधू लागतो. म्हणून खाली दिलेला क्रम माणसापासून सुरू होतो, शब्दांकडे जातो आणि शेवटी पुन्हा माणसाकडे येतो. हा क्रम शक्यतो मोडू नये.

पहिली पायरी: आनंदीपणाची जात मराठीत ठरवावी

'आनंदी माणूस' हे मराठीतही फार ढोबळ वर्णन आहे. हसतमुख, खेळकर, मिश्कील, दिलखुलास, मनमोकळा, उत्साही, बोलका, समाधानी, आशावादी ही सगळी माणसे आनंदी असतात, पण एकाचे वर्णन दुसऱ्याला लावले तर आपण लगेच म्हणतो, 'नाही, तो तसा नाही.' ही जाण प्रत्येक मराठी भाषकाकडे उपजत असते आणि इंग्रजी बोलताना तीच सर्वांत जास्त उपयोगी पडते. म्हणून शब्दकोश उघडण्यापूर्वी कागदावर एक मराठी विशेषण लिहावे.

हसतमुख असेल तर 'चिअरफुल' हा शब्द जवळजवळ नेहमी चालतो. खेळकर माणसासाठी 'प्लेफुल' किंवा 'लाइट-हार्टेड', मिश्कील माणसासाठी 'मिस्चिव्हस' अथवा 'ही हॅज अ ट्विंकल इन हिज आय' हा सुंदर वाक्प्रचार, आणि ज्याच्याशी बोलताना आडपडदा वाटत नाही अशा मनमोकळ्या माणसासाठी 'ओपन अँड ईझी टू टॉक टू' असे म्हणावे. दिलखुलास माणसाला एकाच इंग्रजी शब्दात बसवण्याचा हट्ट धरू नये. 'वॉर्म-हार्टेड' आणि 'जोव्हियल' हे दोन शब्द शेजारी ठेवले तर त्यातला बराचसा अर्थ येतो. समाधानी माणसासाठी 'कंटेंटेड' हा शब्द आहे, पण त्यात हसणे गृहीत नाही. आपले एखादे आजोबा देवळाच्या पायरीवर शांत बसलेले असतील आणि त्यांना कशाचीच तक्रार नसेल, तर ते 'कंटेंटेड' आहेत. त्यांना 'जॉली' म्हणणे चुकीचे होईल.

दुसरी पायरी: स्वभाव आणि त्या वेळची मनःस्थिती वेगळी करावी

निकालाच्या दिवशी घरातल्या कोणाचाही आनंद गगनात मावत नाही, पण म्हणून तो माणूस मुळात हसतमुख आहे असे होत नाही. इंग्रजीत या दोन गोष्टींचे वाक्प्रचार अगदी वेगळे आहेत आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. 'शी इज ओव्हर द मून', 'ही इज ऑन क्लाउड नाइन', 'दे वेअर वॉकिंग ऑन एअर', 'माय मदर वॉज टिकल्ड पिंक' हे सगळे वाक्प्रचार एखाद्या घटनेनंतरच्या आनंदाचे आहेत. मराठीत 'स्वर्ग दोन बोटे उरला' आपण कोणाच्या स्वभावाबद्दल म्हणत नाही, तसेच हे आहे. 'माय अंकल इज ऑलवेज ओव्हर द मून' असे वाक्य केले की ऐकणारा बुचकळ्यात पडतो, कारण रोज कोणती चांगली बातमी येते हे त्याला कळत नाही.

'हॅपी' हा शब्द या दोन्हींच्या मध्ये उभा आहे. 'शी इज हॅपी' म्हणजे ती आत्ता आनंदात आहे. 'शी इज अ हॅपी पर्सन' म्हणजे तिचा स्वभावच आनंदी आहे. फरक फक्त 'अ' आणि 'पर्सन' या दोन छोट्या शब्दांचा आहे, पण अर्थ बदलतो. 'इन हाय स्पिरिट्स' हा प्रयोग त्या दिवसापुरता, तर 'हाय-स्पिरिटेड' हा स्वभावाचा. लहान मुलाच्या बाबतीत शिक्षक 'हाय-स्पिरिटेड' म्हणाले, तर त्यात थोडी दांडगाईची सूचनाही असू शकते, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

तिसरी पायरी: शब्दांची ओळख नीट करून घ्यावी

'चिअर' या शब्दाचा मूळ अर्थ चेहरा असा होता. तो जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला. आधी चेहरा, मग चेहऱ्यावरचा भाव आणि हळूहळू फक्त चांगला भाव, असा त्याचा प्रवास झाला. म्हणजे 'चिअरफुल' आणि आपला 'हसतमुख' हे दोन्ही शब्द तोंडावरूनच माणसाची पारख करतात. ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा तो शब्द पुन्हा कोणी विसरत नाही. एकच शब्द शिकायचा असेल तर हाच शिकावा, कारण तो पुरुष, स्त्री, मूल, वृद्ध, कार्यालयीन पत्र, वाढदिवसाचे कार्ड, कशातही शोभतो. त्याचाच धाकटा भाऊ 'चिअरी' आहे. तो बहुधा छोट्या कृतींना लागतो: 'अ चिअरी वेव्ह', 'अ चिअरी गुड मॉर्निंग'. इमारतीचे रखवालदार रोज सकाळी हात वर करून जे हसून विचारपूस करतात, ती 'चिअरी' असते आणि ते स्वतः 'चिअरफुल' असतात.

'जॉली' हा शब्द आपल्याकडे गरजेपेक्षा फार जास्त वापरला जातो. इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांच्या कानाला तो आता काहीसा जुना वाटतो आणि त्यातून एखादा गुबगुबीत, मोठ्याने हसणारा, वयस्क गृहस्थ डोळ्यांसमोर येतो. पंचविशीतल्या मुलीने स्वतःला 'जॉली' म्हणवून घेणे त्यांना विचित्र वाटेल.

'जोव्हियल' हा शब्द नाशिककरांनी तर आवर्जून लक्षात ठेवावा. रोमन लोकांच्या ज्युपिटर देवाचे दुसरे नाव जोव्ह. त्याच नावाचा ग्रह म्हणजे आपला गुरू. मध्ययुगीन युरोपातील ज्योतिषी असे मानत की गुरूच्या प्रभावाखाली जन्मलेला माणूस आनंदी आणि मोकळ्या मनाचा होतो, आणि त्यावरून हा शब्द रुळला. ज्या गुरूने सिंह राशीत प्रवेश केला की आपल्याकडे त्र्यंबकेश्वरी आणि रामकुंडावर सिंहस्थ भरतो, तोच ग्रह या शब्दात बसलेला आहे. 'जोव्हियल' माणूस चारचौघांत खुलतो, पाहुण्यांची वास्तपुस्त करतो, जेवणाच्या पंगतीत आग्रह करतो. हा शब्द बहुतेक मध्यमवयीन किंवा वयस्क पुरुषांसाठी वापरला जातो.

'सँग्विन' या शब्दामागेही अशीच कथा आहे. जुन्या ग्रीक वैद्यकात शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार द्रव मानले जात. ज्याच्यात रक्ताचे प्राबल्य तो उत्साही आणि आनंदी, अशी समजूत होती. वात, पित्त आणि कफ यांवरून माणसाची प्रकृती सांगणाऱ्या आपल्या घरांत ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. आज मात्र हा शब्द 'निश्चिंत आणि आशावादी' एवढ्याच अर्थाने, तोही लिखाणात जास्त, वापरला जातो: 'शी इज सँग्विन अबाउट द फ्युचर'. हसऱ्या शेजाऱ्याला हा शब्द लावू नये.

'बबली' म्हणजे बुडबुड्यांसारखा उसळणारा उत्साह. हा शब्द बहुतेक तरुण मुलींसाठी वापरला जातो आणि गप्पांत तो गोड वाटतो, पण नोकरीच्या शिफारसपत्रात लिहिला तर त्या मुलीचे गांभीर्य कमी होते, म्हणून तिथे तो टाळावा. गंगापूर धरणाच्या बाजूला असलेल्या वाइनरीत पाहुण्यांची व्यवस्था पाहणाऱ्या माझ्या दोन विद्यार्थ्यांना मी आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे: नाम म्हणून वापरला की 'बबली' या शब्दाचा अर्थ फेसाळणारी वाइन असा होतो, त्यामुळे परदेशी पाहुण्याने 'सम बबली' मागितली तर तो कोणाच्या स्वभावाबद्दल बोलत नाही.

'सनी' या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. 'शी हॅज अ सनी डिस्पोझिशन' हे इंग्रजीत मोठे कौतुक आहे. ज्या देशात डिसेंबरमध्ये दिवसाचा उजेड जेमतेम आठ तास मिळतो, तिथे ऊन म्हणजे सुख. चैत्र-वैशाखात मेनरोडवर दुपारी पाऊल ठेवणाऱ्या आपल्याला सावली हवी असते, आणि म्हणून आपले कौतुकाचे शब्द चांदणे, गारवा, झुळूक यांतून येतात. 'माझी वहिनी उन्हासारखी आहे' हे मराठीत कौतुक होत नाही आणि 'शी इज कूल लाइक द मून' हे इंग्रजीत कौतुक होत नाही. असे शब्द अर्थाने नव्हे, तर त्यामागच्या हवामानासह शिकावे लागतात.

बाकीचे शब्द थोडक्यात सांगतो. 'चर्पी' म्हणजे पाखरासारखा किलबिलणारा. हा शब्द ब्रिटनमध्ये जास्त चालतो. 'बॉयंट' म्हणजे पाण्यात दाबले तरी वर येणारा, म्हणून संकटानंतरही ज्याचे मन पुन्हा उभारी धरते त्याच्यासाठी हा शब्द ठेवावा. 'इग्झ्युबरंट' म्हणजे ओसंडून वाहणारा उत्साह. लिहिताना 'एक्स'नंतर 'एच' घालू नये, ही चूक फार होते. 'गे' हा शब्द जुन्या इंग्रजी पुस्तकांत आनंदी या अर्थाने भेटतो, पण आज तो समलैंगिक व्यक्तीसाठीचा सर्वमान्य शब्द आहे. त्यामुळे आनंदीपणाच्या वर्णनासाठी तो वापरू नये.

'गुड-ह्यूमर्ड' आणि 'ह्यूमरस' यांतला फरकही महत्त्वाचा आहे. पहिला शब्द चांगल्या मनःस्थितीत राहणाऱ्या, लवकर न चिडणाऱ्या माणसाचा. दुसरा इतरांना हसवणाऱ्याचा. गल्लीतला एखादा वाणी कधी विनोद करत नसेल, पण कितीही सुट्या पैशांची कटकट झाली तरी त्याच्या कपाळाला आठी पडत नसेल, तर तो 'गुड-ह्यूमर्ड' आहे.

चौथी पायरी: 'हसणे' या क्रियापदाची फोड करावी

सगळ्या लेखातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथली चूक नुसती व्याकरणाची राहत नाही, ती माणसाला कमीपणा आणते. एका रुग्णालयाच्या स्वागतकक्षात काम करणारी माझी विद्यार्थिनी मुलाखतीच्या तयारीत स्वतःबद्दल अगदी मनापासून लिहून आली होती: 'आय लाफ अ‍ॅट एव्हरी पेशंट.' तिला म्हणायचे होते की मी प्रत्येक रुग्णाकडे पाहून हसते. वाक्याचा अर्थ मात्र झाला होता की मी प्रत्येक रुग्णाला हसते.

मराठीत क्रियापद एकच असले तरी 'त्याला हसणे' आणि 'त्याच्याकडे पाहून हसणे' यांत आपण कधी चुकत नाही. इंग्रजीत हे काम दोन वेगळी क्रियापदे करतात. 'स्माइल' मध्ये आवाज नाही, 'लाफ' मध्ये आवाज आहे. 'स्माइल अ‍ॅट समवन' म्हणजे त्याच्याकडे पाहून हसणे, 'लाफ अ‍ॅट समवन' म्हणजे त्याची खिल्ली उडवणे आणि 'लाफ विथ समवन' म्हणजे त्याच्यासोबत हसणे. त्या मुलीने वाक्य बदलून 'आय ग्रीट एव्हरी पेशंट विथ अ स्माइल' असे केले. हे वाक्य दुकान, बँक, हॉटेल, दवाखाना, कुठल्याही मुलाखतीत जसेच्या तसे चालते.

हसण्याच्या छटा मराठीत आपण क्रियाविशेषणांनी दाखवतो, इंग्रजीत त्या अनेकदा क्रियापदातच असतात. खळखळून हसणे म्हणजे 'अ हार्टी लाफ', पोट धरून हसणे म्हणजे 'अ बेली लाफ', गालातल्या गालात हसणे म्हणजे 'स्माइल टु वनसेल्फ', दबक्या आवाजात स्वतःशीच हसणे म्हणजे 'चकल', पोरींचे खिदळणे म्हणजे 'गिगल', दात दाखवून रुंद हसणे म्हणजे 'ग्रिन' आणि सगळा चेहरा उजळून निघावा असे हसणे म्हणजे 'बीम'. आपल्या माणसाचे हसणे यांपैकी कोणते, एवढे जरी ठरवले तरी वर्णनात त्याचा चेहरा दिसू लागतो. 'माय ग्रँडमदर बीम्स व्हेन यू आस्क फॉर अ सेकंड हेल्पिंग' या एका वाक्यात आजी उभी राहते.

ज्याचे हसू इतरांनाही हसवते त्याच्यासाठी 'ॲन इन्फेक्शस लाफ' असे म्हणतात. संसर्ग हा शब्द आपल्याला आजाराचा वाटतो, पण इंग्रजीत हे शुद्ध कौतुक आहे आणि ते निःशंकपणे वापरावे.

पाचवी पायरी: वाक्प्रचार निवडताना त्याची दुसरी बाजू पाहावी

इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करण्याची सवय आपल्याकडे फार आहे. मी विद्यार्थ्यांना तीनच वाक्प्रचार निवडायला सांगतो, पण ते कोण, कोणाला, कोणत्या सुरात म्हणतो हे कळल्याशिवाय वापरू देत नाही.

'द लाइफ अँड सोल ऑफ द पार्टी' हा ब्रिटिश प्रयोग आहे. अमेरिकेत 'द लाइफ ऑफ द पार्टी' एवढेच म्हणतात. ज्याच्याशिवाय मैफल सुनी वाटते त्याच्यासाठी हा वाक्प्रचार. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी उघडतात, तेव्हा काठावर अंग चोरून उभ्या असलेल्यांना ओढत आणून रंगीत पाण्यात धप्पा मारायला लावणारा एखादा काका प्रत्येक गटात असतोच. तो हा माणूस. मात्र हा वाक्प्रचार समारंभातल्या वागण्याचा आहे, त्यामुळे कार्यालयातल्या शांत पण हसतमुख सहकाऱ्याला तो लावू नये.

'अ रे ऑफ सनशाइन' हा प्रयोग दुःखात किंवा कंटाळ्यात दिलासा देणाऱ्या माणसासाठी आहे. कौतुक करताना तो पूर्ण वाक्यात, कारणासह म्हणावा: 'शी वॉज अ रे ऑफ सनशाइन ड्युरिंग माय मदर्स इलनेस.' नुसतेच 'यू आर अ रे ऑफ सनशाइन' हे तोंड पाडून बसलेल्या माणसाला टोमणा म्हणूनही वापरले जाते. 'अ बॅरल ऑफ लाफ्स' तर बहुतेक वेळा नकारार्थीच येतो, म्हणजे 'ही इज नॉट एक्झॅक्टली अ बॅरल ऑफ लाफ्स', त्यामुळे कौतुकासाठी तो न वापरलेला बरा.

'अ ब्रेथ ऑफ फ्रेश एअर' आपल्या 'वाऱ्याची झुळूक' या कल्पनेच्या जवळ जातो आणि म्हणून लोकांना लगेच आवडतो. त्यात एक धोका आहे. खोलीत ताजी हवा आली म्हणजे आधीची हवा कोंदट होती, असे तो न बोलता सांगतो. नव्या साहेबांच्या स्वागताच्या भाषणात, जुने साहेब समोर बसलेले असताना, हा वाक्प्रचार वापरू नये.

'फुल ऑफ बीन्स' ब्रिटनमध्ये उत्साहाने सळसळणाऱ्या माणसासाठी, विशेषतः मुलांसाठी आणि वयाला न जुमानणाऱ्या आजी-आजोबांसाठी वापरतात. अमेरिकेत मात्र त्याचा अर्थ 'वाटेल ते बरळणारा' असाही होतो, म्हणून ऐकणारा कोणत्या देशातला आहे हे पाहावे. 'अ‍ॅज हॅपी अ‍ॅज अ क्लॅम' हा अमेरिकन प्रयोग ऐकून माझ्या वर्गात नेहमी प्रश्न येतो की शिंपल्यातला जीव आनंदी कसा. तो वाक्प्रचार मुळात 'भरतीच्या वेळचा' असा पुरा होता. भरतीचे पाणी चढले की तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढणारी माणसे तिथपर्यंत पोहोचत नाहीत आणि तो जीव निर्धास्त असतो. कोकणातून नाशिकला आलेल्या विद्यार्थ्यांना हे चटकन पटते.

'हॅपी-गो-लकी' बद्दल स्वतंत्रपणे सावध करायला हवे. मुलाखतीत 'आय अ‍ॅम अ हॅपी-गो-लकी पर्सन' हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. 'हॅपी' या शब्दाच्या मुळाशी असलेल्या 'हॅप' चा अर्थ नशीब किंवा योगायोग असा आहे, आणि या वाक्प्रचारात तोच जुना अर्थ शिल्लक आहे: जे होईल ते होईल, उद्याची चिंता कशाला, असे मानणारा माणूस. मित्राबद्दल प्रेमाने म्हणावे, पण ज्याच्या हातात कंपनी हिशोब किंवा यंत्र सोपवणार आहे त्याने स्वतःबद्दल हे सांगू नये. मुलाखतीत 'आय स्टे पॉझिटिव्ह अंडर प्रेशर' असे म्हणावे आणि लगेच एक प्रसंग सांगावा.

सहावी पायरी: मराठी वळणाच्या चुका काढून टाकाव्यात

'त्याचा स्वभाव खूप छान आहे' याचे 'हिज नेचर इज व्हेरी गुड' असे भाषांतर आपल्या तोंडात बसले आहे. त्याऐवजी 'ही इज व्हेरी गुड-नेचर्ड' किंवा 'ही इज चिअरफुल बाय नेचर' म्हणावे. 'ही इज हॅविंग जॉली नेचर' यात दोन चुका आहेत, कारण स्वभाव असणे ही चालू क्रिया नाही आणि 'नेचर' आधी 'अ' हवा. 'ही हॅज अ चिअरफुल नेचर' हे बरोबर आहे.

'टू' हा शब्द कौतुकात वापरू नये. 'शी इज टू चिअरफुल' म्हणजे ती नको इतकी हसते. 'सो' किंवा 'रिअली' पुरेसा आहे. 'फ्रँक' म्हणजे आपण समजतो तसा मोकळेपणाने मिसळणारा नव्हे, तर तोंडावर खरे बोलणारा. लग्नाच्या बायोडाटात मुलीला 'फ्रँक अँड जॉली' लिहिले की इंग्रजी जाणणाऱ्या वाचकाला ती फटकळ वाटू शकते. तिथे 'चिअरफुल अँड ईझी टू गेट अलाँग विथ' लिहावे.

'फन' आणि 'फनी' यांचीही गल्लत होते. 'ही इज फनी' म्हणजे तो हसवतो, पण सूर बदलला तर तो विचित्र आहे असाही अर्थ निघतो. 'ही इज ग्रेट फन टु बी विथ' म्हणजे त्याच्या सहवासात मजा येते. 'ही मेक्स फन' असे अर्धवट वाक्य करू नये, कारण 'मेक फन ऑफ' म्हणजे टिंगल करणे. तसेच 'शी एन्जॉइज अ लॉट' या वाक्यात काय ते सांगितले नाही. 'शी एन्जॉइज हरसेल्फ व्हेअरेव्हर शी गोज' असे म्हटले की वाक्य पुरे होते.

काळाची चूक तर निरोप समारंभात हमखास होते. निवृत्त होणारे गृहस्थ समोर खुर्चीवर हार घालून बसलेले असतात आणि वक्ता म्हणतो, 'ही वॉज अ चिअरफुल मॅन.' इंग्रजीत हे वाक्य दिवंगत माणसाबद्दल बोलल्यासारखे ऐकू येते. नोकरी संपली, स्वभाव संपलेला नाही. म्हणून स्वभाव 'इज' ने सांगावा आणि प्रसंग भूतकाळात सांगावेत. कोणाच्या निधनानंतर पत्र लिहायचे असेल, तर मात्र भूतकाळ योग्यच आहे; तिथे 'शी लिट अप एव्हरी रूम शी एंटर्ड' किंवा 'वी विल मिस हर लाफ' यांसारखी साधी वाक्ये पुरतात आणि अलंकारिक वाक्प्रचार टाळलेलेच चांगले.

सातवी पायरी: विशेषणाला पुरावा द्यावा

आता पूर्ण परिच्छेद कसा तयार होतो ते एका उदाहरणाने दाखवतो. सातपूरच्या एका कारखान्यात यंत्रचालक असलेला एक विद्यार्थी, त्याचे शिफ्टचे साहेब निवृत्त होणार म्हणून इंग्रजीत दोन मिनिटांचे भाषण लिहून घेऊन आला. कागदावर होते: 'अवर सर वॉज व्हेरी जॉली नेचर्ड. ही वॉज ऑलवेज हॅपी. ही वॉज टू फ्रँक विथ ऑल वर्कर्स.' मी कागद बाजूला ठेवला आणि त्याला मराठीत विचारले, 'रात्रपाळीत पहाटे तीन वाजता यंत्र बंद पडले की ते काय करतात?'

तो लगेच म्हणाला, 'येतात, टोपी मागे सरकवतात, मशिनवर दोन थापा मारतात आणि म्हणतात, रुसली का ही? चला, आधी चहा घेऊ, मग हिची समजूत काढू.' हे सांगताना तो स्वतः हसत होता. मी त्याला सांगितले की भाषण झाले आहे, आता फक्त इंग्रजीत उतरवायचे आहे.

त्याने वर्गातच लिहिलेला आणि आम्ही मिळून दुरुस्त केलेला परिच्छेद असा: 'व्हेनेव्हर अ मशीन स्टॉप्ड अ‍ॅट थ्री इन द मॉर्निंग, सर वुड कम ओव्हर, पुश बॅक हिज कॅप अँड पॅट द मशीन ट्वाइस. "शी इज सल्किंग," ही वुड से. "लेट अस हॅव टी फर्स्ट." वी लाफ्ड, वी हॅड टी, अँड देन वी फिक्स्ड इट. आय हॅव नेव्हर सीन हिम लूज हिज टेंपर. ही इज द मोस्ट चिअरफुल मॅन आय हॅव एव्हर वर्क्ड विथ.'

या परिच्छेदात विशेषण एकच आहे, 'चिअरफुल', आणि ते शेवटच्या वाक्यात येते. तोपर्यंत टोपी, थापा आणि चहा यांनी ऐकणाऱ्याला ते पटवून दिलेले असते, त्यामुळे 'व्हेरी' ची गरज पडत नाही. 'वुड कम', 'वुड से' हा प्रयोग आपल्या 'येत असत, म्हणत असत' या रीती भूतकाळाचे काम करतो आणि एकदाच घडलेली नव्हे, नेहमीची गोष्ट सांगतो. 'रुसणे' यासाठी 'अँग्री' हा शब्द त्याने आधी लिहिला होता. पण रागावणे वेगळे आणि रुसणे वेगळे, म्हणून 'सल्किंग' घेतला. हा एक नेमका शब्द सापडला नसता तर साहेबांचा सगळा लाघवीपणा हरवला असता.

असा परिच्छेद लिहिताना तीन प्रश्न स्वतःला मराठीत विचारावेत: अडचणीच्या वेळी हा माणूस काय करतो, त्याच्या तोंडात नेहमी कोणते वाक्य असते, आणि तो आल्यावर इतरांच्या चेहऱ्यात काय फरक पडतो. तिन्हींची उत्तरे मिळतीलच असे नाही. एक चांगले उत्तर मिळाले तरी पुरे. मग त्या उत्तराचे छोट्या वाक्यांत इंग्रजी करावे आणि पहिल्या पायरीत ठरवलेले विशेषण सर्वांत शेवटी ठेवावे. साहेबांचे एखादे वाक्य इंग्रजीत उतरत नसेल तर ते मराठीतच म्हणावे आणि पुढे एका ओळीत अर्थ सांगावा. नाशिकच्या सभागृहात त्याला कोणी हरकत घेत नाही.

राहिला प्रश्न मोठ्याने म्हणण्याचा. त्या विद्यार्थ्याने पहिल्यांदा वाचले तेव्हा सगळी वाक्ये एका दमात संपवली आणि कोणीही हसले नाही. दुसऱ्यांदा मी त्याला 'शी इज सल्किंग' नंतर मनात एक-दोन मोजायला लावले, आणि मगच 'लेट अस हॅव टी फर्स्ट' म्हणायला सांगितले. तेवढ्या थांबण्यात मागच्या बाकावरची मुले हसली. तो कागद घेऊन जाताना त्याने त्या दोन वाक्यांच्या मध्ये पेन्सिलीने एक उभी रेघ मारली.